महाड केवळ नमन करण्यासाठी नव्हे, चालण्यासाठीही आहे!

20 मार्च जवळ आला की महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून भीमसागर महाडकडे लोटतो. एस.टी.च्या गाड्या, टेम्पो, जीपगाड्या, त्यांवर निळे झेंडे. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरायच्या, ओंजळभर पाणी घ्यायचे, बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करायचे, क्रांतिस्तंभासमोर नतमस्तक व्हायचे, पुस्तकांच्या स्टॉलवरून दोन पुस्तके घ्यायची, नेत्यांची भाषणे ऐकायची आणि रात्रीच्या गाडीने परतायचे. 25 डिसेंबरला मनुस्मृती दहन दिनी पुन्हा तेच. हे झालेच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु आमचा प्रश्न वेगळा आहे. या दोन दिवसांव्यतिरिक्त उरलेल्या 363 दिवसांचे काय? ज्या तळ्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी लाठ्या-काठ्या खाल्ल्या, त्या तळ्याच्या परिसरात वर्षातल्या एखाद्या साध्या रविवारी बायको-मुलांसह निवांत फिरायला आपल्यापैकी किती जण जातात?

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. चळवळीपुढे आरक्षणाचे, अत्याचारांचे, बेकारीचे प्रश्न आ वासून उभे असताना हे फिरण्याचे काय काढले, असेही कुणी म्हणेल. म्हणूनच थोडे मागे जाऊन पाहू.

महाडचा लढा पाण्याचा होता, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो सार्वजनिक जागेत पाऊल टाकण्याचाही होता. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालविलेल्या पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने 1924 साली तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण पाय ठेवायची सोय नव्हती! 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक परिषदेच्या मंडपातून शहराच्या रस्त्याने चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो कागद जिवंत झाला. त्यानंतर काय झाले? परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळे ‘शुद्ध’ करण्यात आले आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सवर्णांनी दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणला. कायद्याचा मान राखून बाबासाहेबांनी त्या वेळी पाणी घेण्याचा कार्यक्रम तहकूब ठेवला. मात्र चालणे तहकूब ठेवले नाही. शहराच्या रस्त्यांवरून शिस्तबद्ध मिरवणूक निघाली. ज्या रस्त्यांवर मार्चमध्ये आपल्या माणसांची डोकी फुटली होती, त्याच रस्त्यांवरून आपली माणसे ताठ मानेने चालली.

हा दावा दहा वर्षे चालला. महाडच्या कोर्टात 1931 साली, ठाण्याच्या कोर्टात 1933 साली आणि अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला. वकिलीच्या व्यवसायात असल्यामुळे आम्ही तो निकाल पुनःपुन्हा वाचतो. त्यात तळ्याचे जे वर्णन आहे, ते प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. सुमारे चार ते पाच एकरांचे तळे, पावसाच्या आणि काही झऱ्यांच्या पाण्याने भरणारे. चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते. रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरे. त्यांतील काही घरमालकांकडे तळ्याच्या काठावरच्या पट्ट्या आणि पाण्यात उतरण्याच्या पायऱ्याही होत्या. म्हणजे तळे सार्वजनिक, रस्ते सार्वजनिक, पण काठ मूठभरांच्या ताब्यात! ही वहिवाट अनादी काळापासूनची आहे, असे वादींचे म्हणणे होते. ते त्यांना सिद्ध करता आले नाही. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्यापूर्वी हे पाणी एकट्यासाठी राखून ठेवण्याचा प्रयत्न कुणी केला असेल का, याचीच न्यायमूर्तींना शंका वाटली. याचा अर्थ साधा आहे. आधी काठ बळकावला जातो, मग पाणी आपलेच म्हटले जाते आणि शेवटी त्याला परंपरेचे नाव दिले जाते.

पुढे बाबासाहेब संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. संविधानाच्या अनुच्छेद 15 च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कुणाही नागरिकावर निर्बंध घालता येणार नाही, अशी तरतूद आहे. या यादीत तलाव आणि रस्ते शेजारी-शेजारी आहेत, हे महाडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली. तिने नदी, झरा, तळे, घाट, रस्ता किंवा वाट यांचा वापर करण्यापासून अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला अडविणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरविला. सर्वोच्च न्यायालयानेही नद्या, किनारे, वने यांसारखी साधनसंपत्ती सरकारकडे जनतेची विश्वस्त म्हणून असते, असे 1996 च्या अखेरीस कमलनाथ प्रकरणात सांगितले. 2001 साली हिंचलाल तिवारी प्रकरणात तळी ही समाजाची संपत्ती असून ती राखली पाहिजेत, असा निर्वाळा दिला. तेव्हा तळ्याकाठी फिरणे ही कुणाची मेहेरबानी नाही. तो हक्क आहे आणि न वापरलेला हक्क हळूहळू बोथट होतो, हे आम्ही कोर्टात रोज पाहतो.

आता प्रत्यक्ष महाडकडे वळू. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी हे गाव वसले आहे. कोकण रेल्वेने यायचे तर वीर स्टेशन जवळ. पावसाळ्यात येऊ नका, असे आम्ही स्पष्ट सांगू. जुलै 2021 च्या पुरात अख्खे महाड पाण्याखाली गेले होते आणि तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून 80 हून अधिक माणसे गेली. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चालण्यासाठी उत्तम.

सकाळी ऊन चढण्यापूर्वी चवदार तळ्याला एक पूर्ण फेरी मारावी. गर्दीच्या दिवशी आपल्याला एकच पायरी दिसते, एकच बाजू दिसते. एरवी चारही बाजूंनी चालता येते. कुठे पायऱ्या आहेत, घरे रस्त्याला किती खेटून आहेत, रस्ता किती रुंद आहे, हे मुलांना दाखवावे. 1927 साली या रस्त्याने येणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले असेल, हे पुस्तकापेक्षा इथे लवकर समजते. तळ्याकडून क्रांतिस्तंभाकडेही पायीच जावे. 25 डिसेंबर 1927 रोजी तिथे मनुस्मृती जाळली गेली. त्या परिषदेसाठी सवर्णांपैकी कुणी जागा द्यायला तयार नव्हते. अखेर एका मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. हे आजच्या काळात मुलांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय स्मारकही याच फेरीत पाहून होते.

दुसरी वाट गांधारपाल्याची. महाडपासून सुमारे तीन किलोमीटरवर, महामार्गालगतच्या डोंगरात सुमारे 30 बौद्ध लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकाच्या सुमारास ती कोरायला सुरुवात झाली. डोंगर चढायला फार नाही, लहान मुले आणि वयस्क माणसेही सावकाश चढू शकतात. वर गेल्यावर पहिल्या मोठ्या लेण्यात खांबांचा ओटा, आत सभामंडप आणि गाभाऱ्यात भगवान बुद्धांची बैठी मूर्ती आहे. मूर्तीच्या खाली धम्मचक्र आणि हरणे आहेत. खाली पाहिले की महाड शहर आणि नद्यांचे वळण नजरेत येते. या लेण्यांतला एक शिलालेख आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत लिहिलेल्या त्या लेखात विष्णुपालित नावाच्या कुमाराने दिलेल्या दानाची यादी आहे. लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याची टाकी आणि लेण्याला जोडणारी वाट. पाणी आणि वाट! दोन्ही दान म्हणून दिलेली. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात पाणी आणि वाट भिक्खुसंघासाठी दान होत होती आणि त्याच डोंगराखालच्या गावात विसाव्या शतकात पाण्याला हात लावला म्हणून माणसे फोडून काढली गेली. या दोन काळांच्या मधे काय घडले, हा प्रश्न लेण्यात उभे राहूनच विचारला पाहिजे.

या लेण्यांना सर्रास ‘पांडव लेणी’ म्हटले जाते. पांडवांचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही, तेथील शिलालेख आणि मूर्ती काय ते स्वच्छ सांगतात. महाराष्ट्रात ठिकठिकाणी बौद्ध लेण्यांना हे नाव चिकटलेले आहे. नाव बदलले की वारसा विसरला जातो आणि वारसा विसरला की जागा दुसऱ्याची होते. काठ बळकावण्याची जी रीत तळ्यावर दिसली, तीच इथे नावाच्या रूपाने दिसते. त्यावर निषेधाची पत्रके काढून भागत नाही. आपली माणसे तिथे वर्षभर जात राहिली, मुलांना खरे नाव सांगत राहिली, तरच ते नाव टिकेल.

तिसरी वाट सावित्रीपलीकडे कोल गावाची. तिथे गावामागच्या डोंगरात लेण्यांचे दोन लहान गट आहेत. लेणी साधी आहेत, फार कुणी जात नाही. पण तिथेही दानलेख आहेत. ज्यांना शांतपणे बसायचे आहे, ध्यान करायचे आहे, त्यांनी गांधारपाल्यानंतर कोल जरूर पाहावे. जाण्यापूर्वी गावात वाट विचारून, गावकऱ्यांना सोबत घेऊनच जावे.

चौथी वाट मात्र अशी आहे की, तिचा उल्लेख पर्यटनाच्या पुस्तकांत सापडणार नाही. डिसेंबर 1927 मध्ये मोटारवाले आपल्या लोकांना नेतील याची खात्री नव्हती. म्हणून बाबासाहेब सुमारे दोनशे प्रतिनिधींसह मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि 25 डिसेंबरला सावित्रीच्या खाडीवरील दासगाव बंदराला उतरले. तिथून सुमारे पाच मैल प्रतिनिधी घोषणा देत पायी महाडला आले. दासगाव ते महाड ही पाच मैलांची वाट आपल्या इतिहासातली पहिल्या प्रतीची वाट आहे. आज त्या बाजूने महामार्गाची अवजड वाहने धावतात आणि पायी चालणे जिवावरचे आहे. या मार्गाला समांतर सुरक्षित पायवाट व्हावी, ही मागणी आम्ही या लेखातून करीत आहोत.

मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी सुमारे 25 किलोमीटरवरचा रायगड करावा. पायऱ्या चौदाशेच्या वर आहेत. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी रोपवे आहे. जुलै 2025 मध्ये रायगडासह मराठ्यांच्या 12 किल्ल्यांची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाली. देशोदेशीचे पर्यटक आता महाडवरून रायगडाकडे जातील. त्यांच्या वाटेवर चवदार तळे आणि गांधारपाले यांचे ठळक फलक दिसणार की नाही, हा प्रश्न आतापासूनच विचारायला हवा. परतताना वेळ उरला तर सव येथील गरम पाण्याचे झरेही पाहता येतील.

इथे काही ज्येष्ठ कार्यकर्ते आमच्यावर रागावतील. क्रांतिभूमी ही सहलीची जागा नव्हे, असे ते म्हणतील. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. क्रांतिस्तंभासमोर धांगडधिंगा कुणालाच नको आहे. पण स्वतः बाबासाहेबांचे उदाहरण काय सांगते? डिसेंबर 1927 ची परिषद आटोपल्यावर ते लगेच मुंबईला परतले नाहीत. सहकाऱ्यांना घेऊन ते रायगडावर गेले. महाडजवळचे बौद्धकालीन अवशेषही त्यांनी पाहिल्याचे धनंजय कीर यांच्या चरित्रात आले आहे. एवढ्या मोठ्या संघर्षाच्या धामधुमीतही त्या महामानवाने परिसर डोळ्यांखालून घातला. चालणे, पाहणे आणि त्यातून इतिहास समजून घेणे हे त्यांना गौण वाटले नाही.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या राबण्यापलीकडे काही ठाऊक होऊ दिले नाही, त्याच्यासाठी फुरसत हीदेखील हक्काची गोष्ट आहे. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला 48 वर आणण्याचा आणि कामगाराला पगारी रजा देण्याचा कायदा पुढे नेला. ती रजा कशासाठी होती? माणसाने माणसासारखे जगावे, कुटुंबासह मोकळ्या हवेत चार पावले चालावे, वाचावे, विचार करावा, यासाठीच ना? आमच्या वस्त्यांतील आया-बहिणी आयुष्यभर लग्नकार्य आणि मयत याव्यतिरिक्त गावाबाहेर पडत नाहीत. त्यांना गांधारपाल्याच्या डोंगरावर घेऊन जाणे हे चळवळीचेच काम आहे.

महाड सत्याग्रहाचे शताब्दी वर्ष 2027 हे आहे. शताब्दी म्हटली की सोहळे, कमानी, मंडप आणि जाहिराती यांवर पैसा जातो. आमचे म्हणणे असे की, शताब्दीच्या निमित्ताने होणारा सार्वजनिक खर्च जमिनीवर दिसला पाहिजे. चवदार तळ्याभोवती सर्व बाजूंनी अखंड पदपथ, बसण्यासाठी बाके, पिण्याचे पाणी, पुरेसे दिवे आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह हवे आणि ते 20 मार्चपुरते नव्हे, बारा महिने हवे. तळ्यापासून क्रांतिस्तंभ आणि गांधारपाल्यापर्यंत दिशादर्शक फलक हवेत. लेण्यांतील शिलालेखांचे मराठी भाषांतर फलकावर वाचता आले पाहिजे. दासगाव-महाड पायवाटेला ‘सत्याग्रह मार्ग’ असे नाव देऊन ती सुरक्षित केली पाहिजे. परिसरातल्या वस्त्यांमधील मुला-मुलींना माहिती देणारे मार्गदर्शक म्हणून तयार केले, तर चार घरांत चूल पेटेल आणि इतिहासही खऱ्या माणसांच्या तोंडून सांगितला जाईल.

या मागण्या नुसत्या भाषणांतून करून उपयोग नाही. माहिती अधिकार कायदा 2005 हातात आहे. तळ्याच्या देखभालीवर दरवर्षी किती खर्च झाला, शताब्दीसाठी कोणत्या कामांना मंजुरी आहे, ती कुणाकडे दिली, हे साध्या अर्जावर विचारता येते आणि 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. महाड तालुक्यातील बौद्ध पंचायत, तरुण मंडळे आणि महिला मंडळे यांनी हे काम वाटून घ्यावे. लेण्यांच्या बाबतीत प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात 2010 साली झालेली दुरुस्ती लक्षात ठेवावी. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील 200 मीटर क्षेत्रात परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. असे काही दिसले तर फोटो, तारीख आणि लेखी तक्रार, या तीन गोष्टी लगेच करून ठेवाव्यात.

हक्क मागणाऱ्याने कर्तव्यही पाळले पाहिजे. तळ्यात प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि हारांच्या पिशव्या टाकणे हा त्या लढ्याचाच अपमान आहे. लेण्यांच्या भिंतीवर नावे कोरू नयेत, रंग लावू नये, श्रद्धेपोटीही मूर्तीला तेल-शेंदूर लागू देऊ नये किंवा नवी मूर्ती नेऊन बसवू नये. संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कायदा आपल्या माणसालाही तितकाच लागू आहे. वाटेतल्या गावांत शांतपणे जावे, तिथल्या माणसांशी बोलावे, कोकणातल्या गरीब शेतकऱ्याकडून चार वस्तू विकत घ्याव्यात.

तेव्हा समाजबांधवांनो, 20 मार्चला जरूर या, 25 डिसेंबरला जरूर या. पण त्याखेरीज वर्षातून एकदा तरी गर्दी नसलेल्या दिवशी महाडला या. आई-वडिलांना, मुलांना सोबत आणा. तळ्याला पूर्ण फेरी मारा, गांधारपाले चढा, मुलांना शिलालेखातले पाणी आणि वाट दाखवा. वस्तीतल्या मंडळाने यंदा एक बस ठरवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.

जयभीम!